ट्रॅक डेसाठी टायर कोणते? कोल्हापुरातल्या एका एम२ चं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, ४१० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद, वजन दीड टनाहून थोडं जास्त. पुढे २४५/३५ आर१९ आणि मागे २६५/३५ आर१९ मापाचे टायर. मालक चाळिशीतले, शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत.

कोल्हापूरला कार्टिंगचा नाद जुना. या मालकांनीही तरुणपणी कार्ट भरपूर पळवली होती, त्यामुळे रेसिंग लाइन, ब्रेकिंग पॉइंट हे शब्द त्यांना नवे नव्हते. मोठी गाडी ट्रॅकवर नेण्याची मात्र ही पहिलीच वेळ. त्यांनी निवडला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला मद्रास इंटरनॅशनल सर्किट. हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावणारा. कोईम्बतूरची करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरची आहे आणि ४१० हॉर्सपॉवरला तिथे फार कमी सरळ रस्ता मिळतो, म्हणून ती मागे पडली. ग्रेटर नोएडाची बुद्ध सर्किट अंतरामुळेच बाद झाली. कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर असा चेन्नईचा रस्ता नऊशेहून अधिक किलोमीटरचा आहे. पुढचे बरेच निर्णय या अंतरानेच ठरवले.

पहिला ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवण्याचा दिवस, जानेवारीत झाला. दिवसभरात वीस-वीस मिनिटांची पाच सत्रं. गाडीवर कंपनीतून आलेलेच टायर होते. चार वर्षं वापरलेले, पण खाचांची खोली अजून पाच मिमी शिल्लक. दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरलेली, थंड असताना ३६ पीएसआय. कोल्हापुरातून निघताना ती तपासली, ट्रॅकवर पोचल्यावर कुणी पाहिली नाही.

अडचण

चौथ्या सत्रानंतर डावा पुढचा टायर पाहिला तर बाहेरच्या खांद्यावरून, म्हणजे टायरचा सपाट भाग बाजूला वळतो त्या काठावरून, रबराचे नखाएवढे तुकडे सुटले होते. गंमत अशी की त्याच टायरच्या मधल्या आणि आतल्या भागात चार मिमीहून जास्त खोली शिल्लक होती. बाकीचे तिन्ही टायर ठीक होते. म्हणजे टायर झिजलेला नव्हता. त्याचा एक काठ तेवढा खाल्ला गेला होता.

यामागे तीन कारणं एकत्र आली.

पहिलं, ट्रॅकची दिशा. घड्याळाच्या दिशेच्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, आणि उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या बाजूवर जातो. ब्रेक लावत वळताना तो डाव्या पुढच्या चाकावर साठतो.

दुसरं, कॅम्बर. समोरून पाहता चाक उभ्या रेषेपासून किती कललं आहे तो हा कोन; वरचा भाग आत कललेला असेल तर उणे. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात. गाडी वळणात कलली की चाकही बाहेरच्या बाजूला कलतं आणि या रचनेत तो कल फारसा भरून निघत नाही. रस्त्याच्या हिशेबाने पुढचा कॅम्बर उणे एक अंशाच्या जवळपास ठेवलेला असतो. या गाडीत मोजला तेव्हा डावीकडे उणे १.१ आणि उजवीकडे उणे १.० निघाला. एवढ्या वजनाची गाडी चांगल्या पकडीच्या टायरवर जोरात वळवली की हा एक अंश कधीच संपतो आणि टायर खांद्यावर उभा राहतो.

तिसरं, हवा. निघताना ३६ पीएसआय असलेली हवा सत्राच्या शेवटी ४४ च्या वर गेली होती. यात गूढ काही नाही. गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा १४.७ मिळवा आणि तापमान केल्विनमध्ये घ्या. तीस अंशांची हवा ब्याऐंशी अंशांवर गेली की ३६ चे ४४ ते ४५ होतात. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. एवढ्या हवेने टायरचा मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा आकसतो, पकड कमी होते, चालक स्टिअरिंग आणखी वळवतो आणि खांदा आणखी घासतो.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. या गाडीला स्टेपनी नसते, पंक्चरसाठी फक्त सीलंटचा किट असतो. तुकडे सुटलेल्या खांद्याचा टायर घेऊन हायवेवर नऊशे किलोमीटर जाणं धोक्याचं होतं, आणि नेमक्या मापाचा टायर त्या दिवशी मिळेना. शेवटी गाडी फ्लॅटबेडवर चढवून कोल्हापूरला आणावी लागली. त्या भाड्यात नवा टायर आला असता.

म्हणून प्रश्न ‘सर्वांत चिकट टायर कोणता’ एवढाच राहिला नाही. वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे करायचे, एरवी गाडी कोल्हापुरातल्या रस्त्यांवर आणि अधूनमधून आंबा घाटात चालवायची, आणि ट्रॅकवर टायर गेला तरी घरी परत यायचं. हे तिन्ही जमवणारं काय?

समोर असलेले पर्याय

तीन माणसांनी तीन सल्ले दिले. टायरच्या दुकानदाराने मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ सुचवला, ट्रॅककडे झुकलेला पण रस्त्यावरही चालणारा टायर. कोईम्बतूरच्या रेसिंगमधल्या एका ओळखीच्याने वापरलेले स्लिक, म्हणजे खाचा नसलेले रेसिंगचे टायर, स्वस्तात देऊ केले. ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाने उलट सांगितलं की साधे चांगले रस्त्याचे टायर घाला, पैसे सस्पेन्शनवर घाला.

स्लिकचा पर्याय ऐकायला मोहक आहे. पण स्लिकची पकड गाडीला आणखी कलवते, आणि ज्या गाडीचा पुढचा कॅम्बर एक अंश आहे तिच्यावर स्लिकचाही खांदा पहिल्याच दिवशी जातो. शिवाय कुठल्या तरी संघाने उतरवलेले स्लिक किती वेळा तापून थंड झाले आहेत हे विकणाराही नीट सांगू शकत नाही. वरून मऊ दिसणारं रबर आतून कडक झालेलं असू शकतं. सार्वजनिक रस्त्यावर ते चालतच नाहीत, म्हणजे गाडी ने-आण करायला दर वेळी फ्लॅटबेड. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला आणि ते योग्यच होतं.

मधला एक गट असतो, ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा आकडा २०० च्या आसपास असलेल्या टायरचा. परदेशात हौशी ट्रॅकवाले बहुतेक याच गटातून टायर घेतात. आपल्याकडे तो हाताला लागणं अवघड आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’मधून ‘निर्बंधित’ यादीत टाकली, आणि त्याआधीपासूनच टायरवर आयएसआय खूण सक्तीची आहे. त्यामुळे कमी खपाची मापं आणि प्रकार आणायला फारसं कुणी धजावत नाही. या मालकांनी पुणे, मुंबई, बंगळूर अशा तिन्ही ठिकाणी फोन केले. पुढचे दोन मिळाले तर मागचे दोन नाहीत. अर्धा संच घेऊन पुढे एक रबर आणि मागे दुसरं घालणं म्हणजे गाडीचा तोल बिघडवणं. तेही बाद.

ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. मिशेलिनच्याच पायलट स्पोर्ट ४ एस या रस्त्याच्या टायरवर हा आकडा ३०० असतो, कप २ वर १८०. आकडा लहान तितकं रबर साधारण मऊ आणि लवकर झिजणारं. पण हा आकडा प्रत्येक उत्पादक स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो उपयोगी आहे. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नये.

१८ इंची रिम घेण्याचाही विचार झाला, कारण १८ इंचात टायर स्वस्त आणि त्याची बाजू जास्त उंच. पण या गाडीला पुढे ४०० मिमीचे मोठे ब्रेक होते. बहुतेक १८ इंची रिम त्यांच्या कॅलिपरला घासतात. जी बसतात ती खास बनावटीची आणि महाग.

उरले दोन: पायलट स्पोर्ट ४ एस एकच संच, किंवा ट्रॅकसाठी कप २ चा वेगळा संच.

पहिला निर्णय

मालकांचा कल कप २ कडे होता. तरी पहिल्या टप्प्यात ४ एस घ्यायचं ठरलं, आणि आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

कप २ ची खाच नवेपणीच साडेपाच मिमीच्या आसपास असते, ४ एसची साडेसात. पावसात बेळगाव-हुबळी पट्ट्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर हा दोन मिमीचा फरक मोठा ठरतो. कप २ थंड असताना पकडही कमी देतो, म्हणजे सकाळी सहाला घराबाहेर पडताना तो रस्त्याच्या टायरपेक्षा वाईट. दुसरं कारण शिकण्याचं आहे. रस्त्याचा टायर हद्दीजवळ आला की किंचाळतो, हळूहळू सरकतो, चालकाला वेळ देतो. जास्त पकडीचा टायर शांत राहतो आणि सुटतो तेव्हा जास्त वेगात सुटतो. पहिल्या पंधरा-वीस सत्रांत चालकाला त्या आवाजाची गरज असते.

आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे कॅम्बर दुरुस्त केल्याशिवाय कोणताही टायर घेतला असता तरी त्याचा डावा खांदा गेलाच असता. कप २ घेतला असता तर महागडा खांदा गेला असता. म्हणून आधी कॅम्बर, मग टायर, असा क्रम लागला.

केलेली कामं

टायर घेताना एक अडथळा आला. चार टायर दुकानात आले, त्यांतल्या मागच्या दोघांवर तारखेचे चार आकडे पाहिले तर टायर जवळजवळ तीन वर्षांचे निघाले. हे आकडे टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. रस्त्यासाठी नीट साठवलेला तीन वर्षांचा टायर चालून जातो. ट्रॅकसाठी पैसे मोजून तो घेऊ नये, रबराचा मऊपणा वयाबरोबर जातोच. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिले, दहा-बारा दिवस थांबावं लागलं एवढंच. तारीख फक्त एकाच बाजूवर पूर्ण छापलेली असते, तेव्हा टायर रिमवर चढवण्याआधीच दोन्ही बाजू पाहाव्यात. भार निर्देशांकही तपासला. पुढे ९३ म्हणजे ६५० किलो, मागे ९८ म्हणजे ७५० किलो. त्याहून कमी आकड्याचा टायर या गाडीवर घालायचा नाही.

कॅम्बरसाठी स्ट्रटच्या माथ्यावर कॅम्बर प्लेट बसवल्या. अलाइनमेंट कोल्हापुरातच थ्री-डी मशिनवर केली. इथे एक गोष्ट ठरलेली असते. मशिनच्या पडद्यावर गाडीची फॅक्टरी मर्यादा हिरवी दिसते आणि चालवणारा मुलगा इमानदारीने आकडे हिरव्यात आणायला बघतो. त्याला आधीच कागदावर लिहून द्यावं. इथे दिलेलं होतं: पुढे उणे २.५ दोन्हीकडे, टो (वरून पाहता चाकं पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) शून्य, मागे उणे १.८ आणि किंचित आत टो. कॅम्बर हलवला की टो बदलतोच, म्हणून टो शेवटी. स्टिअरिंग सरळ पकडून, टाकी अर्धी आणि चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवून माप घेतलं. पोती फाउंड्रीतूनच आली.

उणे अडीच अंशांचा रस्त्यावर त्रास होतो का? टो शून्य असेल तर आतला खांदा अपेक्षेपेक्षा कमी झिजतो. आतली झीज मुख्यतः टोमुळे होते, कॅम्बरला उगाच दोष जातो. खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग थोडं इकडेतिकडे ओढतं, एवढं मात्र खरं.

दुसरा ट्रॅक डे

या वेळी गाडी चालवतच नेली, हायवेसाठी पूर्ण हवा भरून. ट्रॅकची कमी हवा घरूनच भरून हायवेवर निघणं चुकीचं आहे. सामान भरलेली गाडी उन्हात तासन्‌तास वेगाने चालते आणि कमी हवेत टायरची बाजू वाकून वाकून तापते. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, ट्रॅक आहे तो श्रीपेरुंबुदूरचा परिसर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. खाली उतरल्यावर बाहेरचा दाब वाढतो आणि गेज पीएसआयभर कमी दाखवतो. जानेवारीत चेन्नईची सकाळ कोल्हापूरपेक्षा उबदार असल्याने तेवढीच हवा वाढून दोन्ही परिणाम जवळपास खोडले जातात, पण हा योगायोग आहे. हवा ट्रॅकवरच, सकाळी, सावलीत, त्याच एका गेजने.

पहिल्या सत्राला पुढे २८ पीएसआय, मागे २७. सत्र संपवून पिटमध्ये येताच, मिनिटभराच्या आत, सुईच्या पायरोमीटरने डाव्या पुढच्या टायरचं तापमान तीन ठिकाणी घेतलं. बाहेर ८४, मध्ये ९१, आत ८९ अंश. मधला भाग सर्वांत गरम, म्हणजे हवा जास्त. गेजवर ३६.५. दोन पीएसआय सोडले. दुसऱ्या सत्रानंतर बाहेर ८६, मध्ये ८७, आत ९२ आणि हवा ३५. हे चित्र हवं तसं. आतली बाजू चार-सहा अंश गरम असणं कॅम्बर काम करत असल्याची खूण आहे.

पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेडची बंदूक इथे फसवते, कारण वरचा थर पिटपर्यंत येईतोच थंड झालेला असतो. सुई रबरात दोन-तीन मिमी आत जाते. पायरोमीटर नसेल तर खांद्यावर पांढऱ्या मार्करने आडवी रेघ मारावी. बऱ्याच टायरांच्या बाजूवर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली गेली तर ठीक. त्याच्याही खाली पुसली गेली तर टायर लोळतोय, हवा कमी आहे किंवा कॅम्बर.

डाव्या बाजूचे टायर उजव्यापेक्षा दोन-अडीच पीएसआय जास्त चढतात हे दुसऱ्या सत्रात कळलं. दुपारपासून डावीकडे दीड पीएसआय कमी हवेने सुरुवात केली आणि गरम झाल्यावर चारही ३५ च्या आसपास जुळले.

दिवसाअखेर डावा खांदा शाबूत होता. झीज सारखी, पाऊण मिमीच्या आसपास. मालक त्याच टायरवर घरी आले.

एक अडचण मात्र राहिली. दुपारी अडीचनंतर, तापलेल्या डांबरावर, चौथ्या-पाचव्या फेरीपासून टायर साबण लावल्यासारखा निसटू लागायचा. तापमान शंभरीपार. हा टायर असा वापर दुपारभर सोसण्यासाठी बनवलेलाच नाही. दोन फेऱ्या जोरात, एक फेरी सावकाश, असं चालवून त्यांनी वेळ काढली. शिकण्यासाठी तेवढं पुरतं.

दुसरा निर्णय

पुढच्या वर्षी मालकांची गाडी चालवण्याची पातळी वाढली होती आणि ४ एस दुपारी कमी पडत होता. आता कप २ चा प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी त्याला जागा होती. फरक एवढाच की तो वेगळ्या रिमवर. कप २ गाडीवर घालून नऊशे किलोमीटर जाणं आणि येणं म्हणजे ट्रॅकचा टायर हायवेवर खर्च करणं, आणि वाटेत पाऊस लागला तर जिवाला धोका.

रिम पुण्याहून जुन्या घेतल्या, मूळच्याच मापाच्या, त्यामुळे मधलं भोक ७२.६ मिमी आणि बोल्टचं वर्तुळ जुळण्याचा प्रश्न नव्हता. जुन्या १९ इंची रिमबद्दल खरी भीती असते ती तड्यांची. ३५ प्रोफाइलचा टायर खड्ड्यात आदळला की मार थेट रिमच्या आतल्या काठावर बसतो. डोळ्यांनी तो तडा सहसा दिसत नाही, रंगाखाली तर नाहीच.

फाउंड्री असल्याचा उपयोग इथे झाला. चारही रिम आतून साफ करून त्यांच्यावर डाय पेनिट्रंट चाचणी केली, जी कास्टिंगवर रोज होते. लाल रंग फवारायचा, वीस मिनिटं मुरू द्यायचा, कापडाने पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. तीन रिम पांढऱ्याच राहिल्या. चौथ्यावर पाच मिनिटांत आतल्या काठापासून आऱ्याच्या मागे जाणारी केसाएवढी लाल रेघ उमटली, बोटभर लांब. तपासणीवरच्या माणसाने मालकांना हाक मारली, “मालक, ही बघा. हिच्यावर टायर चढवू नका.” वेल्डिंग करून वापरता येईल असं एकाने सुचवलं, पण उष्णता-प्रक्रिया झालेल्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डच्या आजूबाजूला जाते. ट्रॅकवर ती रिम नकोच. ती परत गेली, दुसरी आली, तिचीही चाचणी झाली.

चारही रिममध्ये प्रेशर सेन्सर, धातूची झाकणं असलेले व्हॉल्व्ह आणि कोरडी हवा. नायट्रोजन भरला तो त्यात बाष्प नसतं म्हणून. साध्या पंपावरच्या कॉम्प्रेसरमध्ये पाणी साठलेलं असेल तर गरम झाल्यावर हवा अंदाजाबाहेर चढते. कोरडी हवा मिळत असेल तर नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याचं कारण नाही.

चार चाकं, जॅक, टॉर्क रेंच, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर असं सगळं सोबत आलेल्या मित्राच्या इनोव्हात मागच्या सीट पाडून बसलं. चाक टायरसकट वीस-बावीस किलोचं. छोटा हत्ती करण्याची गरज पडली नाही.

तिसरा ट्रॅक डे

नवा कप २ पहिल्याच सत्रात पिळायचा नसतो. सकाळचं पहिलं सत्र हळूहळू वेग वाढवत, मध्यम जोरावर चालवलं, मग चाकं उतरवून सावलीत ठेवली. दोन सत्रं ४ एसवर झाली. शक्य असेल तर या पहिल्या तापण्यानंतर टायरला पूर्ण दिवस विश्रांती द्यावी. इथे चार तासच मिळाले. चाकं बदलायला दोघांना पंचवीस मिनिटं लागली. बोल्ट १४० न्यूटन-मीटरला, आणि पुढच्या सत्रानंतर गाडी थंड झाल्यावर पुन्हा तपासले.

कप २ गरम असताना ३३ ते ३४ पीएसआयवर ठेवला. दुपारच्या उन्हातही पकड शेवटच्या फेरीपर्यंत टिकली. फेरीचा वेळ सुमारे अडीच सेकंदांनी कमी झाला, त्यातला बराचसा ब्रेकिंगमध्ये.

आणि तिथेच नवी अडचण निघाली. चौथ्या सत्राच्या शेवटी ब्रेक पेडल खाली जाऊ लागलं. टायर जास्त धरतो म्हणजे चालक उशिरा आणि जोरात ब्रेक लावतो, ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन कॅलिपरमध्ये जाते. ब्रेक ऑइल होतं साधं डॉट ४, तेही दोन पावसाळे पाहिलेलं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प ओढतं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते भरपूर मिळतं. उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पेडल दाबल्यावर आधी ते दबतात.

मालकांनी बरोबर केलं. दोन फेऱ्या ब्रेकला जवळजवळ हात न लावता फिरले, पिटमध्ये आले, हँडब्रेक ओढला नाही, चाकाला लाकडी गुटका लावला. पाचवं सत्र सोडून दिलं.

निकाल

आता गाडीचं रूप स्थिर झालं आहे. रोजच्या रिमवर ४ एस, ट्रॅकच्या रिमवर कप २. ब्रेक ऑइल ३०० अंशांहून जास्त उत्कलनबिंदूचं, प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी बदललेलं. कप २ च्या चाकांची प्रत्येक दिवसानंतर डावी-उजवी अदलाबदल होते. हा टायर असममित आहे पण दिशेचा नाही, म्हणून चाक तसंच उचलून पलीकडे लावलं तरी बाहेरची बाजू बाहेरच राहते. पुढचे-मागचे बदलता येत नाहीत, मापच वेगळं.

पुढच्या एका वेळी ऑक्टोबरात गेले असता दुपारी पाऊस आला. ईशान्य मोसमी पावसाचे दिवस होते ते. कप २ उतरवून ४ एस चढवले आणि ओल्या ट्रॅकवर चांगली दोन सत्रं मिळाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या ट्रॅक डेआधी एकच गोष्ट केली असती तर फ्लॅटबेडचं भाडं वाचलं असतं. प्रत्येक सत्रानंतर डावा पुढचा खांदा हाताने चाचपायचा. दुसऱ्या सत्रानंतरच तिथे कडा उठलेल्या असणार. तीन-चार मिनिटांचं काम आहे.

कॅम्बरसाठी पहिल्याच वर्षी खर्च करणं सर्वांना परवडत नाही. अशांनी हवा नीट ठेवावी आणि दिवसातून तीनच सत्रं करावीत. दुपारचं सत्र सोडावं. याने खांदा वाचतो, पूर्ण नाही तरी बराच.

ब्रेक ऑइल हे कप २ च्या खरेदीच्या यादीतच हवं होतं. टायरची पकड एक पायरी वाढवली की ब्रेक, ऑइल, पॅड हे सगळं त्या पायरीला पुरतं का हे आधी पाहायला हवं. प्रशिक्षकाने तसं सुचवलंही होतं. रिमच्या चाचणीएवढी काळजी ऑइलच्या बाटलीवरची तारीख बघण्यात घेतली गेली नाही.

एक मुद्दा अजून वादाचा आहे. दुसऱ्या वर्षी कप २ खरंच लागत होता का? आमच्या मते लागत होता, पण सहा महिने उशिरा घेतला असता तरी चाललं असतं. ४ एसवर दुपारी सावकाश चालवण्याने मालकांना टायर सांभाळण्याचं जे अंग आलं, ते थेट कप २ वर बसणाऱ्यांना मिळत नाही.

कप २ कधी उतरवायचा हेही आता ठरवून ठेवलं आहे. कायद्याने खाच १.६ मिमीपर्यंत चालते, पण ट्रॅकच्या टायरची पकड बहुधा त्याआधीच कमी होते, कारण प्रत्येक वेळी तापून थंड होताना रबर थोडं थोडं कडक होतं. म्हणून प्रत्येक दिवसाची सत्रं आणि गरम असतानाचा दाब एका वहीत लिहिला जातो. त्याच हवेला आणि त्याच तापमानाला फेरीचा वेळ सेकंदाहून जास्त घसरला की तो संच ट्रॅकसाठी संपला असं धरायचं. पुढच्या संचाची मागणी त्याच्या दोन महिने आधी नोंदवायची, कारण मागचं माप कोल्हापुरात लगेच मिळत नाही.